पाठ केलेली अक्षरं

दुर्गाप्रसाद टेंभरेनं सव्वीस वर्षं गोंदियाचा तांदूळ ट्रकनं नागपूर-रायपूरला पोचवला. २००८ साली लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डोळे तपासल्याचा दाखला हवा होता. त्याला तर सगळं धूसर दिसायचं. म्हणून बायको फुलवंतानं दवाखान्यातल्या तक्त्यावरची अक्षरं लिहून आणली आणि त्यानं ती पाठ केली.

डॉक्टरांसमोर त्यानं ती घडाघड म्हणून दाखवली. डॉक्टरांनी सहीसाठी पेन उचललं, तेव्हा त्याला गेल्या आठवड्यातली अर्जुनीच्या रस्त्यावरची बाई आठवली. डोक्यावर धानाचा भारा घेतलेली ती बाई त्याला पार बंपरजवळ आल्यावर दिसली होती; थोडक्यात वाचली.

"साहेब, सही नका करू," तो म्हणाला. "मले दिसून नाही राहिलं. पाठ करून आलो मी."

डॉक्टरांनी डोळे नीट तपासले. आतला पडदा सुकत चालला होता. इलाज नव्हता.

"काऊन सांगितलं जी तुम्ही?" घरी फुलवंता रडली. "आता घरी बसून दिवस कसा जाईन?"

त्यानं खिशातली ट्रकची किल्ली काढून खुंटीला लावली.

दुसऱ्या दिवशी ती किल्ली ट्रकमालकाला देऊन तो निघाला, तेव्हा नवा ड्रायव्हर त्याची गाडी मागे घेत होता. चाक नालीकडे चाललंय, हे त्याला नुसत्या खडखडाटावरून कळलं.

"बायें काट, बायें!" दुर्गाप्रसाद ओरडला. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकूच गेलं नाही.