आशालताबाईंनी परीक्षा पुन्हा घेतली

आशालता शेडगे म्हणजे पक्क्या खो-खोच्या बाई. कॉलेजात असताना सूर मारून गडी टिपण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पुढं पिरंगुटजवळच्या एका शाळेत त्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका झाल्या, आणि दहा वर्षं शाळेचं मैदान म्हणजे दोन खांब आणि मधली मातीची पट्टी, एवढंच होतं. दोन हजार सहा साली मात्र टीव्हीवर विश्वचषक बघून पोरं फुटबॉलच्या मागं लागली. शाळेनं तीन फुटबॉल आणले. मुख्याध्यापक शरदचंद्र सर म्हणाले, "बाई, यंदा खेळाची श्रेणी फुटबॉलवर द्या."

बाईंनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावला नव्हता. पण नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तीन आठवडे त्यांनी सातवी 'ब'च्या वर्गाला चेंडू मारायला शिकवलं, स्वतःला सुचेल तसं. मग डिसेंबरात परीक्षा ठरवली. फक्कीनं रेषा आखल्या. सहा विटा ओळीनं उभ्या केल्या; त्यांच्यामधून चेंडू नागमोडी न्यायचा, वेळ लावून. शाळेच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारायचा, परत आला की पायानं अडवायचा. शेवटी जवळजवळ रोवलेल्या दोन नव्या खांबांमध्ये दहा किका. प्रत्येक प्रकाराला दहा गुण, एकूण तीस. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, बगलेत गुणांची वही. बाईंना सकाळपासून उत्साहाचं भरतं आलं होतं.

अर्ध्या तासात ते सगळं ओसरलं. चेंडू विटांवर आपटत होते, भिंतीवरून उडून शेजारच्या ज्वारीत जात होते. एक्केचाळीसपैकी जेवढ्यांची पाळी झाली, त्यांत पंधराच्या वर कुणी जाईना. चौथीत असताना लंगडीत सगळ्यांना बाद करणारी रेश्मा तीसपैकी सहावर अडकली आणि मान खाली घालून रांगेत जाऊन उभी राहिली.

"काय झालंय तुम्हाला? एवढं शिकवलं ना?" बाई ओरडल्या.

मागून रेश्माचीच मैत्रीण ज्ञानदा बोलली, "बाई, तुमी करून दावा की!"

"व्हय, व्हय! बाई, करून दावा!" सगळी रांग नाचायला लागली.

बाईंनी पदर खोचला, चपला काढल्या आणि चेंडू मारला. तो पहिल्याच विटेवर आदळून उलटा त्यांच्याच गुडघ्यावर आला. दुसरा गेला ज्वारीत. पोरं हसून लोळायची बाकी राहिली. रांगेत शेवटी असलेला, अजून पाळी न आलेला कौस्तुभ तेवढा हसला नाही. त्याचे वडील हिंजवडीत कंपनीत होते. नागपुराहून येऊन त्याला वर्षच झालं होतं. तो हळूच जवळ आला.

"टीचर, बोटांनी नाही मारायचं. पायाच्या आतल्या बाजूनं मारायचं. बोटांनी मारला की कुठंही जातो."

बाईंनी आपल्या पायाच्या बोटांकडं पाहिलं. तीन आठवडे त्यांनीच तर सगळ्यांना बोटांनी मारायला शिकवलं होतं! वर्ग चुकत नव्हता, शिकवल्याप्रमाणंच करत होता. त्यांचा चेहरा कानापर्यंत तापला. मग त्यांनी वही उघडली, आखलेल्या पानावर तिरकी रेघ मारली आणि म्हणाल्या, "ही परीक्षा रद्द. चूक माझी. दहा दिवसांनी परत घेऊ. आणि मीपण देणार."

शरदचंद्र सर वैतागले. "अहो, सगळ्यांना 'ब' श्रेणी देऊन टाका ना! कोण बघतंय?"

"पोरं बघतात, सर," बाई म्हणाल्या.

आता रोज सकाळी प्रार्थनेच्या आधी अर्धा तास कौस्तुभ शिकवायचा, आणि बाई पोरांच्याच रांगेत उभ्या राहायच्या. संध्याकाळी घरी अंगणातही तेच. गोठ्याचं दार म्हणजे गोल, आणि दारात सासूबाई, चंद्राबाई. पहिल्या दिवशी म्हातारी करवादली, "सुनंचं डोकं फिरलंया का काय!" तिसऱ्या दिवशी ती नऊवारीचा काष्टा घट्ट करून दारात पाय फाकून उभी राहिली. "मार गं! लई हळू मारतीयास. म्हस बी अडवंल ह्यो!" कोंबड्या चहूकडं पांगायच्या, आणि दोघी हसून हसून खाली बसायच्या. आठव्या दिवशी एक किक चंद्राबाईंच्या हाताला न लागता थेट वैरणीत घुसली. बाईंनी अशी काही आरोळी ठोकली की शेजारपाजारचे काय झालं म्हणून धावत आले.

परीक्षेच्या दिवशी सुरुवात बाईंनीच केली. विटांमधून गेल्या, एकच पाडली. तीसपैकी एकवीस. कौस्तुभनं गुण मोठ्यानं वाचले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मग पोरं सुटली. सतरा, वीस, बावीस! प्रत्येक चेंडू गोलात गेला की सगळा वर्ग ओरडायचा. सहावीतली पोरं खिडक्यांना लटकली.

रेश्माची पाळी आली. पहिला चेंडू हुकला, दुसराही. ती थांबली, ओठ चावला आणि विचारलं, "बाई, डाव्या पायानं मारू का? मला डावाच सरळ वाटतुया."

उजव्या पायाचा आग्रह कुणी धरला होता? बाईंनीच. "अगं, मार की! पहिल्यापासून कर," त्या म्हणाल्या.

मग जे झालं ते सगळ्यांनी श्वास रोखून पाहिलं. विटांमधून चेंडू पायाला चिकटल्यासारखा गेला. भिंतीवरून आलेला प्रत्येक चेंडू तिच्या डाव्या पायापाशी निमूट थांबला. मग किका. पाच, सहा, सात. "आठ! नऊ!" अख्खं मैदान मोजत होतं. दहावा खांबाला घासून आत गेला, आणि बाईंनी स्टॉपवॉच हातातून सोडलं, रेश्माला उचलून गरकन फिरवलं. विटांची वेळ लिहायची राहिलीच. घड्याळ मातीत टिकटिकत होतं.

"बाई, वेळ?" कौस्तुभनं विचारलं.

"विटांचं परत करू का?" रेश्मा धापा टाकत म्हणाली. आणि तिनं परत केलं, पहिल्याहून जलद. तीसपैकी तीस.

त्या वहीत त्या दिवशी एकही गुण अंदाजानं लिहिला गेला नाही. सगळ्यात कमी होते चौदा, आणि ते मिळवणारा पोरगाही उड्या मारत होता, कारण आधी त्याचे चार होते. सर मैदानाच्या कडेला येऊन उभे होते. बाईंनी वही पुढं केली. त्यांनी ती उघडलीच नाही, कोटाची बटणं काढत म्हणाले, "एक चेंडू इकडं द्या बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई शाळेत पोचल्या, तर विटा आधीच लागलेल्या. फक्कीच्या रेषा वाकड्यातिकड्या, पण आखलेल्या. सहावीची छत्तीस पोरं रांगेत उभी होती, अनवाणी, थंडीनं कुडकुडत. पहिल्यानं विचारलं, "बाई, आमची परीक्षा कवा?"

बाईंनी पदर खोचला आणि शिट्टी फुंकली.