काचेपाशी थांबवलेली मुलगी

“डॉक्टर, एकडाव उचलून घेऊ द्या की,” काचेपलीकडून व्यंकट म्हणाला. अलीकडे त्याची चार वर्षांची गौरी दोन्ही तळवे काचेला टेकवून उभी होती.

आमच्या लातूरच्या रुग्णालयाच्या स्मरणिकेत एका सहकाऱ्याने लिहिले आहे की, त्या दिवशी मी या मुलीला हाकलले. हे असत्य आहे. मी तिला थांबवले.

व्यंकट चाकूरला मोटार वायंडिंगचे काम करी. आईने दिलेली किडनी त्याच्या शरीराने परकी समजून नाकारू नये, म्हणून आम्ही औषधांनी त्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबली होती. अशा रुग्णाला साध्या कांजिण्याही जीवघेण्या ठरतात, आणि व्यंकटला त्या लहानपणी झालेल्या नव्हत्या. रोज सकाळी लेकीची वेणी घालणारा हा माणूस महिनाभर तिच्या केसांना मुकला होता.

काचेपाशी येण्याआधी, वॉर्डच्या दारातच मी गौरीला घेऊन आलेल्या तिच्या आजीला नेहमीचा प्रश्न विचारला होता.

“घरात कोणी आजारी?”

“न्हाई साहेब, समदे बरे हायत.”

तेवढ्यात गौरीच्या वेणीत अडकलेला कडुलिंबाचा पाला मला दिसला.

“हा कशाचा?”

“थोरल्या नातवाला आई आल्यात. त्याच्या अंथरुणात घातलाय. त्यो काय आजार हाय व्हय?”

आजी खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या घरी कांजिण्यांना ‘आई आल्या’ म्हणतात, आजार म्हणतच नाहीत. परंतु अंगावर फोड उठण्याआधीही मूल दुसऱ्याला लागण देऊ शकते.

“सर, पोरगी ठणठणीत आहे. दोन मिनिटं जाऊ द्या,” तोच सहकारी म्हणाला.

“तुमच्या जबाबदारीवर?”

हा संवाद स्मरणिकेत नाही.

त्याच आठवड्यात गौरीच्या अंगावर फोड उठले. व्यंकटला काही झाले नाही. काचेवरचे तिच्या तळव्यांचे ठसे मीच पुसायला लावले होते. तेवढे मात्र जिवावर आले होते.

खपल्या गळून गेल्यावर ती पुन्हा आली. मास्क बांधलेल्या व्यंकटने तिची वेणी घातली. वाकडी झाली, म्हणून सोडून पुन्हा घातली. दोघांनाही घाई नव्हती. आता निवृत्तीत मला ऑपरेशन थिएटर फारसे आठवत नाही. ते दार आणि ती वेणी आठवते, आणि तिथे पुन्हा एकदा उभे राहावेसे वाटते.

त्यानंतर मी प्रश्न बदलला, “घरात कुणाला आई आल्यात का?” रुग्ण वाचवायचा तर प्रश्न त्याच्या घरच्या भाषेत विचारावा लागतो. स्मरणिका कोणत्याही भाषेत लिहिता येते.