चौदा मुद्द्यांचा ड्रोन

वार रविवार, दिवाळी होऊन दोन आठवडे झालेले. वेळ सकाळी साडेनऊ. ठिकाण: चांदूर बाजारजवळच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यातल्या घराची ओसरी. उपस्थित: बाबा (खुर्चीत), आई (पूजेचं तबक घेऊन), अकोल्याचा धाकटा भाऊ दिनेश (रिमोट घेऊन) आणि अमरावतीहून आलेली मी, नंदा (वही घेऊन). गैरहजर: बाबांचा जुना उजवा गुडघा. तो डॉक्टरांनी महिन्यापूर्वी काढून तिथे नवा बसवला होता.

सगळा घोळ त्या नव्या गुडघ्यापासून सुरू झाला. "घरात चाला, अंगणात चाला," डॉक्टर म्हणाले होते, "पण दोन महिने शेतात पाऊल टाकायचं नाही. ढेकळात पाय मुरगळला तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल." बाबांनी मान डोलावली. (बाबा मान डोलावतात तेव्हा ते मनात दुसऱ्याच कुणाला तरी शिव्या देत असतात, हे डॉक्टरांना माहीत नव्हतं.)

आमच्या बगीच्याच्या बावीस ओळी. ओसरीतल्या खुर्चीतून दिसतात बारा. उरलेल्या दहा उतारावरून नाल्याकडे जातात, आणि बाबांचा जीव नेमका त्या दहांत अडकलेला! फळ तोडणीला आलं होतं. मंगळवारी व्यापारी बगीचा पाहायला येणार होता. न पाहिलेल्या मालाचा भाव बाबा सांगणार कसा?

"आम्ही पाहून येतो ना," मी म्हटलं.

"तू झाडं मोजून येशीन. फळाकडं पाह्यणार नाईस."

आईला फोटो काढायला पाठवलं. तिने पंचवीसेक फोटो आणले. त्यातले बरेचसे तिच्याच पदराचे होते. व्हिडिओ कॉल करावा तर नाल्याकडे रेंज नाही. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या काठी आपटत, उठत, बसत, पुन्हा उठत. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, "रविवारपर्यंत मले बगीचा दाखवा. नाईतर मी माह्या पायानं जातो. मग गुडघा राहो का जावो!"

तेव्हा मी ड्रोन घ्यायचं ठरवलं. इतकंच नाही, तर शुक्रवारी डॉक्टरांना फोन करून शब्दही दिला: "बाबा शेतात जाणार नाहीत. मी सोय केली आहे." सोय अजून व्हायची होती, पण यादी तयार होती.

यादीबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या घरी फ्रिजवर यादी असते, देवघराच्या दारामागे यादी असते, आणि या सगळ्या याद्या कुठे कुठे आहेत त्याचीही एक यादी असते. ड्रोनच्या यादीत चौदा मुद्दे होते. नवशिक्याला उडवता यावा. हात सोडले तरी हवेत जागच्या जागी थांबावा. वजन अडीचशे ग्रॅमच्या आत, म्हणजे परवान्याची भानगड कमी. पात्यांना जाळी. जादा बॅटरी. सुटे भाग अकोल्यात मिळावेत. कॅमेरा असा की संत्रं आणि लिंबू यांत फरक दिसावा. आठवा मुद्दा मी लाल शाईने लिहिला होता: बटण दाबताच, जिथून उडाला तिथे आपोआप परत यावा. आणि किंमत साध्या शिलाई मशीनच्या वर नको. दहाव्या मुद्द्यापाशी मी आमचं शेत ड्रोन उडवायला मोकळ्या असलेल्या हिरव्या भागात येतं का, हेही सरकारी नकाशावर पाहून ठेवलं होतं.

दिनेशला यादी पसंत नव्हती. तो चार दिवस मोबाइलवर ड्रोनचे व्हिडिओ पाहत होता आणि दर तासाला फोन करत होता.

"ताई, हा पाह्य. हा आपल्या मागं मागं येते!"

"मागे मागे येणारी माणसं घरात पुरेशी आहेत. नको."

"मंग हा? पोरं उडवतात तो. लय स्वस्त हाये."

"त्याच्या कॅमेऱ्यातून आंब्याचं झाड भेंडीसारखं दिसतं. सातव्या मुद्द्यावर नापास!"

शनिवारी मी सकाळच्या बसने अकोला गाठलं आणि दिनेशसोबत दुकानात उभी राहिले. दुकानदार उत्साही होता.

"लग्नाच्या शूटिंगसाठी पायजे का, मॅडम?"

"नाही. गुडघ्यासाठी."

त्याने दिनेशकडे पाहिलं. दिनेशने छताकडे पाहिलं. मी वही उघडली आणि चौदा मुद्दे वाचायला घेतले. सहाव्या मुद्द्यापर्यंत दुकानदार उभा होता, नवव्याला त्याने स्टूल ओढलं, बाराव्याला चहा मागवला. महागडे दोन आणि खेळण्यातले तीन बाद झाले. शेवटी एक करडा, तळहाताएवढा, मधल्या किमतीचा ड्रोन चौदाच्या चौदा मुद्द्यांवर पास झाला! मी खुणा केल्या, पानाखाली रेघ मारली, वही मिटली.

"मॅडम, अजून एक लिहून घ्या," दुकानदार म्हणाला. "दर वेळी उडवायच्या आधी..."

"यादी पूर्ण झाली," मी म्हटलं आणि दुकानाच्या पायऱ्या उतरले. हे वाक्य मी आजकाल मनात रोज एकदा तरी म्हणते, आणि दर वेळी कान गरम होतात.

संध्याकाळी दिनेशच्या कॉलनीतल्या मैदानावर सराव झाला. पहिल्यांदा ड्रोन शेजारच्या काकूंच्या मेथीच्या वाफ्यात उतरला, दुसऱ्यांदा त्यांच्याच वाळत घातलेल्या गोधडीवर. तिसऱ्यांदा मात्र आठवा मुद्दा खरा ठरला. बटण दाबलं आणि पठ्ठ्या उडाला होता त्याच जागी परत आला! चित्र तर असं स्वच्छ की काकूंचा रागावलेला चेहरा रेघ न् रेघ दिसत होता.

आता रविवार. अकोटमार्गे दिनेशच्या गाडीतून आम्ही साडेनऊला मळ्यात. मी वही उघडून "बॅटरी?" म्हणते, दिनेश "भरली!" म्हणतो, असं चाललं होतं, तेवढ्यात आई तबक घेऊन आली.

आमच्याकडे नवी वस्तू पूजेशिवाय सुरू होत नाही. मोटार-पंप झाला, मिक्सर झाला, बाबांच्या नव्या गुडघ्यालासुद्धा आईने दवाखान्यातून घरी आणल्यावर हळदीकुंकू वाहिलं होतं. तिने ओसरीच्या पायरीवर ड्रोन ठेवला, फूल वाहिलं, नारळ फोडला. (नारळ ड्रोनवर फोडायचा नाही, एवढं मी सांगून ठेवलं होतं. माझ्या दूरदृष्टीची हद्द तिथेच संपली.) मग तिने घरच्या एरंडेलाच्या काजळाची डबी काढली.

"एवढा वर जाईन. साऱ्या शिवाराची नजर लागन त्याले."

तिने काजळात बोट बुडवलं आणि ड्रोनला कपाळ कुठे ते शोधायला लागली. कपाळ सापडेना. पुढे एक गोल, काळाभोर, चकचकीत डोळा सापडला. आई म्हणजे कामात चोख. तिने त्या डोळ्याला भरघोस तीट लावली, बोट निसटलं म्हणून जरा पसरलीही. मी हे सगळं पाहत होते. इतकंच नाही, वहीच्या समासात "पूजा" असं लिहून मी पुढे खूणसुद्धा केली!

ड्रोन उडाला. आम्ही सगळे तोंड वर करून त्याच्याकडे पाहत राहिलो. ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं चित्र फोनवर येत होतं, आणि त्या फोनकडे पाहत होते फक्त बाबा.

"उजवीकडं घे... आता नाल्याकडं..." बाबांचा आवाज महिन्याभरात पहिल्यांदा खुशीत होता. मग तो थांबला. "नंदे. हे काय व्हय?"

मी वाकून पाहिलं. फोनवर आमची झाडं होती, आणि झाडांवर काळपट, चिकट डागांची झाक होती.

"कोळशी!" बाबा ओरडले.

कोळशी म्हणजे संत्र्याच्या झाडावर येणारा काळा रोग. पानं-फळं काजळी धरल्यासारखी होतात. आमच्या घरात हा शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नाही.

"दिन्या, पुढच्या वळीवर ने!" पुढच्या ओळीवर कोळशी. त्याच्या पुढच्या ओळीवर कोळशी. "साऱ्याच गेल्या रे! मी एक महिना काय बसलो, बगीच्याचा कोळसा केला तुमी!"

"अवो, फोटो काढाले गेली तवा त म्या पाह्यला, साफ होता," आई म्हणाली.

"तू पदर पाह्यला होता!"

अशा वेळी माणसाने शांत डोक्याने काम करावं. मी केलं. नवं पान उघडून फवारणीची यादी केली, कृषी केंद्राला फोन करून औषध बाजूला ठेवायला सांगितलं, आणि मग (हे लिहिताना पेन अडखळतं) व्यापाऱ्याला फोन करून कळवलं की मंगळवारी येऊ नका, बगीच्यावर कोळशी आहे. तीन कामं, तीन खुणा, चार मिनिटं!

"ताई," दिनेश हळूच म्हणाला. आता फोन त्याच्या हातात होता. "शेजाऱ्याच्या पऱ्हाटीलेबी कोळशी हाये."

"कापसाला कोळशी? अशी?"

"अन् विजेच्या खांबाले. अन् ताई, पाण्याच्या टाकीले बी."

मी त्याच्याकडे पाहिलं, मग आईच्या बोटाकडे पाहिलं. बोट काळं होतं.

"बाबा, बगीच्याला काही झालेलं नाही!" असं म्हणत मी वळले. खुर्ची होती. काठी नव्हती. बाबाही नव्हते.

ते सातव्या ओळीपाशी पोचले होते. नवा गुडघा, जुनी काठी, खाली ढेकळं, आणि वेग असा की मला पळावं लागलं! मागून दिनेश रिमोटवरचं परतीचं बटण दाबत, त्याच्या मागून आई तबक घेऊन.

"बाबा, थांबा! ते काजळ आहे!"

"मले शिकवू नोको! चाळीस वर्सं बगीचा करून राहिलो मी!"

शेवटच्या ओळीत पोचल्यावरच ते थांबले. एक पान तोडलं, उलटं-सुलटं केलं, धोतराच्या सोग्याने पुसलं. हिरवंगार. एक संत्रं तोडलं. पिवळं, तुकतुकीत. मग ते झाडाच्या बुंध्याशी दगडावर टेकले, संत्रं सोललं, एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. माझं सगळं लक्ष गुडघ्याकडे.

"दुखतंय का?"

"गोड हाये," बाबा म्हणाले.

त्यांनी दहाही ओळी डोळे भरून पाहिल्या, आणि मगच माझ्या आणि दिनेशच्या खांद्यांवर हात टाकून, एकेक ढेकूळ टाळत परत आले. ड्रोन आमच्या आधीच ओसरीच्या पायरीवर येऊन बसला होता. आठवा मुद्दा अक्षरशः पाळणारा घरात तो एकटाच.

बाबांनी खुर्चीत बसून स्वतः व्यापाऱ्याला फोन लावला. "या मंगळवारी. कोळशी बगीच्यावर नोयती, माह्या पोरीच्या मशीनच्या डोळ्यावर होती." व्यापारी आला. भाव करायच्या आधी त्याने "काजळवाला ड्रोन" दाखवायला सांगितला, हे दिनेशने मला मुद्दाम फोन करून कळवलं. सौदा मात्र बाबांच्या मनासारखा झाला.

दिनेशने दुकानदाराला काजळ कसं काढायचं ते विचारलं. तो म्हणाला, "मी मॅडमले तेच तर सांगत होतो. दर वेळी उडवायच्या आधी लेन्स पुसा."

त्या रविवारनंतर लगेच सोमवारी अमरावतीला आल्यावर मी नव्या पानावर फक्त दोन कामं लिहिली. एक: बाबांना गुडघा तपासायला घेऊन जाणे. दोन: डॉक्टरांना खरं सांगणे. लगेच फोन लावला.

"अहो, बरं झालं फोन केलात!" डॉक्टर म्हणाले. "तुमची ड्रोनची कल्पना मी दोन पेशंटांना सांगितली. शेतकरी माणसाला घरी बसवायचा याहून चांगला उपाय नाही! काय काय पाहून घेतला, ती तुमची यादी पाठवता का?"

"पाठवते," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

यादी मी पाठवली, चौदाचे चौदा मुद्दे, सुवाच्य अक्षरात. गुडघा तपासला, ठणठणीत निघाला. तपासताना डॉक्टरांनी "शेतात गेला नाहीत ना?" असं विचारलं, तेव्हा बाबांनी मान डोलावली, आणि त्यांच्या शेजारी उभ्या राहून मीही डोलावली.

दुसरं काम मी गेले तीन आठवडे दर सोमवारी नव्या पानावर उतरवून घेते आहे. अक्षर सुवाच्यच येतं. पुढे खूण करायची तेवढी राहिली आहे.