एल्ब्रुसवर शबानाला बसवून ठेवलं तेव्हा

आर्णीला शबानाच्या अब्बांच्या गॅरेजमध्ये चहा पितापिता ठरलं. शबाना शाळेत गणित शिकवते, माझं वणीला ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. हिमाचलमधलं एक शिखर आम्ही सोबत केलं होतं. ती म्हणाली, "आता एल्ब्रुस. युरोपातला सगळ्यात उंच पहाड, अन् तोही ज्वालामुखी!"

"आग पाह्यले रशियात कायले जातं? मे महिन्यात वणीले ये," मी म्हणाले. तरी गेलोच.

नागपूरच्या एका ट्रेकिंग ग्रुपसोबत दिल्ली, मॉस्को, तिथून मिनराल्निये वोदी, मग टॅक्सीने बक्सान खोऱ्यातून पायथ्याचं अझाऊ गाव. जाणाऱ्यांसाठी सूचना: आपली कार्डं तिथे चालत नाहीत, रोख डॉलर न्या. शाकाहारी असाल तर 'हिचिन' मागा. बटाटा आणि चीज भरलेला पराठाच, वर लोणी. आम्ही रोज तेच खाल्लं.

अझाऊहून रोपवेने गाराबाशीच्या तळावर पोचलो आणि एल्ब्रुस समोर आला. दोन गोल शिखरं, मध्ये खोगिरासारखी खिंड, अंगभर हिमनद्या. बघताना वाटतं, चालतच जाऊ की वर! कडे चढायचे नाहीत म्हणून जगभरचे लोक येतात, आणि हवा विरळ आहे हे विसरतात.

विरळ हवेची सवय करायला आम्ही रोज थोडं वर जाऊन उतरत होतो. शबाना नीट जेवत नव्हती. ग्रुपच्या लीडरला सांगितलं, तर म्हणाला, "सगळ्यांचं होतं असं. गोळी घ्या."

शिखराच्या दिवशी बर्फावर चालणाऱ्या ट्रॅक्टरने, म्हणजे रॅट्रॅकने, बऱ्याच वर सोडलं. पुढे खिंडीकडे जाणारी तिरकी वाट; सोबत लीडर आणि दोन स्थानिक गाईड. ऊन आलं तेव्हा पहाडाची त्रिकोणी सावली खालच्या ढगांवर पडली होती. मी शबानाला दाखवायला वळले, तर तिने हातमोजा काढून टाकलेला.

"मोजा घाल!"

"गरम होऊन राह्यलं न मले," ती म्हणाली. जीभ जड. उभी राहताना दारू प्यायल्यासारखी झुलत होती.

मी लीडरला हाक मारली. त्याने तिच्याकडे धड पाहिलंही नाही. "मॅडमला इथे बसू द्या. परत येताना घेऊ."

"बसवून ठेवायले ते का पोतं आहे? एक गाईड द्या, आम्ही खाली जातो."

"दोन्ही गाईड वर लागतील. बाकीच्यांनीही पैसे भरलेत."

बाकीचे सगळे ऐकत होते. एकजण बुटाची पट्टी आवळत राहिला. मग सगळे गेले. मला इतका संताप आला की रडू फुटलं. आणि हेही लिहिते: क्षणभर शबानाचाही राग आला. शिखर समोर होतं, आणि माझ्या पायांत ताकद होती.

मी तिला मोजा घातला, कमरेला दोर बांधला आणि उतरायला लागले. ती दर थोड्या वेळाने बसायची, म्हणायची, "वैशाली, तू जाय वर. मी येतो." मी शिव्या देऊन उठवायची. वर जाणारे लोक आम्हाला वळसा घालून जात होते. शेवटी एका पोलिश टीमचा गाईड थांबला. त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं, वायरलेसवर ओरडून रॅट्रॅक मागवला आणि दुसऱ्या बाजूने तिला खांद्याचा आधार दिला.

खोऱ्यातल्या डॉक्टरांनी मोबाइलवर भाषांतर करून वाक्य दाखवलं: मेंदूला सूज येत होती, बसून राहिली असती तर उठली नसती.

संध्याकाळी आमचा ग्रुप झेंड्यासोबतचे फोटो बघत खाली आला. "कशी आहे तब्येत?" लीडरने हसत विचारलं.

आर्णीला परतल्यावर शबानाची अम्मी मला धरून बसली. मग म्हणाली, "पोरीले सोडून गेला त्या माणसाले घरी आणजो एकदा. मले त्याचं तोंड पाह्यचं आहे." शबाना बरी आहे. उजव्या हाताच्या दोन बोटांना मात्र अजून स्पर्श कळत नाही. खडू सुटतो.

एल्ब्रुसवर माझा राग नाही. जायचं असेल तर जा, सुंदरच आहे. फक्त बुकिंग करताना विचारा: कोणी आजारी पडलं तर खाली घेऊन कोण येणार? उत्तरात माणसाचं नाव मिळालं नाही, तर जाऊ नका.

काल लीडरचा फोन आला. "मॅडम, तुम्ही ब्लॉग लिहिताय म्हणे. लोक उगाच घाबरतील. शबाना मॅडमचीही बदनामी होईल."

शबाना शेजारीच होती. तिने फोन घेतला. "सर, मीच सांगितलं तिले, माझं नाव टाक म्हणून. तुम्ही एवढंच सांगा, मले तिथं काहून सोडलं?"

तिने पुन्हा विचारलं. त्याने फोन कापला.