एक ठिपका डावीला, दोन उजवीला

प्रभाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याकडेच निघालो होतो, खिशात त्यानं मागितलेला पाना घेऊन. "जीपच्या मागून तेल गळून राहिलं गा, सकाळी ये, खोलू," असं आदल्या संध्याकाळी तोच म्हणाला होता. आणि आता सुनंदावहिनी सांगत होत्या, "वसंताभाऊ, हे गेले जी... झोपेतच." मी चपला घालून तसाच दारात उभा राहिलो.

महिना होत आला. लोक त्याच्या शांत मरणाचं कौतुक करतात. मला मात्र आठवतो तो नंदनवन वस्तीतल्या त्याच्या अंगणात जीपखाली उताणा पडून आरडाओरडा करणारा माझा मित्र. काही वर्षांपूर्वीच्या त्या पावसाळ्यात कुहीजवळच्या शेताच्या वाटेवर त्याची जीप तिसऱ्यांदा रुतली होती. मागचं एक चाक चिखलात गरगर फिरत होतं, दुसरं ढिम्म. ट्रॅक्टरनं ओढून काढल्यावर वहिनींनी फर्मान काढलं, "आता पुन्हा ट्रॅक्टर बोलावला तं जीप इकून टाकायची." वडिलांच्या हातची गाडी ती! प्रभाकरचा चेहरा पडला, पण थोड्याच दिवसांत गडी एक जड खोकं घेऊन हजर. आत लॉकिंग डिफरन्शियल. बटण दाबलं की मागची दोन्ही चाकं एकदमच फिरणार, एकाला जरी पकड मिळाली तरी गाडी निघणार. वाडीचा मिस्त्री बसवून द्यायला तयार होता. "दुसऱ्याच्या हातानं कायले? आपण दोघं आहो ना," प्रभाकर म्हणाला. त्या "दोघं"नं मी हुरळलो. जन्मभर कचेरीत फायली लावलेला माणूस मी, मला कोण पाना धरू देणार होतं!

जुना डिफरन्शियल काढताना बेअरिंगवरच्या दोन लोखंडी टोप्या सुटल्या. त्यांची अदलाबदल झाली तर बेअरिंग जळतं, म्हणून त्यानं डावीवर शेंदराचं एक बोट ओढलं, उजवीवर दोन. शेंदूर तेलात कालवलेलाच होता, गिअरचे दात एकमेकांना कुठे घासतात ते बघायला. आणला होता थेट देवघरातून. "मारुतीले विचारलं काय?" वहिनी कडाडल्या. "विचारलं ना वं! तो म्हणे, गाडी निघाली पायजे!"

आणि मी काय करावं? तो चहाला आत गेला तेवढ्यात मी सगळे सुटे भाग डिझेलमध्ये घासून लख्ख धुतले, टोप्यांसकट. कचेरीत माझं टेबल सगळ्यांत स्वच्छ असायचं, ती खोड. तो आला, टोप्या उलटसुलट करून बघितल्या. "वसंता... डावी कोणती गा?" एवढी जीप गेली ती माझ्या हातानं, असं वाटलं. तो खाली बसला आणि खोकला येईस्तोवर हसला. "लेका, तू तं पुराव्यालेच आंघोळ घातली!"

मग प्रत्येक टोपी दोन्हीकडे बसवून सांध्यावरून नख फिरवत बसलो. चुकीच्या बाजूला नख अडायचं. "नाही अडलं! हेच डावी!" तो ओरडला आणि लगेच पंच-हातोडा घेऊन डावीवर एक ठिपका ठोकला, उजवीवर दोन. "आता धू किती धुतो तं." पुढे गिअर तीनदा बसवून तीनदा काढला. चौथ्यांदा शेंदराचा डाग दाताच्या बरोबर मधोमध उमटला तेव्हा आम्ही असे काही ओरडलो की शेजारचे धावत आले.

कुहीला वहिनी स्वतः पुढच्या सीटवर बसल्या. ट्रॅक्टरवाला बांधावर हसत उभा. त्याच जागी जीप रुतली, एक चाक गरगरायला लागलं. प्रभाकरनं वळून माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं. खालून टक् आवाज आला, दोन्ही चाकांनी एकदम चिखल उडवला आणि जीप हुंकारत वर! "निघाली वं माय!" सगळ्यांत मोठ्यानं ओरडल्या त्या वहिनीच.

मागच्या रविवारी त्यांचा फोन आला. "पोरगा म्हणते, जीप इकून टाक. मी नाही म्हटलं. पण तेल गळून राहिलं, पाहता काय?" मी तोच पाना घेऊन गेलो. मागचं झाकण काढलं, सवयीनं टोप्या फडक्यानं पुसल्या. वहिनींनी हातातली बॅटरी पेटवून जवळ धरली. "हे टिपके कायचे जी?"

"एक म्हणजे डावी, दोन म्हणजे उजवी."

"यायनं केले काय?"

"हो. माझ्यासाठी." मी पुन्हा एकदा फडकं फिरवलं, जरा जोरातच. ठिपके होते तिथेच होते.