रिपोर्टाले लावलेला ऑटो

हसा बापा, पोटभर हसा, फक्त चहा सांडू नका अंगावर! माझ्या अकलेचं दिवाळं पूर्ण अकोला जिल्ह्यानं पाहिलं, मग तुमीच काहून मागं राहता?

तवा मी अकोल्यात शेतीच्या सरकारी हापिसात कंत्राटी कॉम्प्युटरवाला होतो. वऱ्हाडात शेतकऱ्याईसाठीच्या सरकारी पॅकेजचे दिवस चालू होते. शेतात काही पिको न पिको, हापिसात रिपोर्टाचं पीक मात्र बंपर! प्रत्येक तालुक्यानं आपली बियाण्याची मागणी आमच्या वेबसाईटवर भरायची, बटण दाबायचं, की सर्व्हर जिल्ह्याचा रिपोर्ट काढून देणार. असं कागदावर होतं. खरं म्हणजे बटण दाबा, पान खाऊन या, तरी पडद्यावर ते चाक फिरूनच राहिलं!

बाळापूर तालुक्याच्या हापिसातल्या शमीमबाजी रोज फोनवर तोंडसुख घ्यायच्या. "सलीमभाऊ, दाबू दाबू बोट सुजलं माझं! हे मशीन आहे का मस्करी?"

आता माझी हुशारी ऐका. आमचं घर जुन्या शहरात, अब्बाचं मोटर वायंडिंगचं दुकान. लाईन कवा येईन अन् कवा जाईन याचा भरोसा नाही, म्हणून विहिरीवरच्या मोटरीले लोक ऑटो लावतात. लाईन आली की मोटर आपोआप चालू, माणसाले रात्रीचं उठणं नाही. म्हणलं, रिपोर्टालेही ऑटो लावू!

लावला. मिनिटभरात रिपोर्ट नाही आला, तर ते पान आपोआप पुन्हा मागणार. सगळ्या तालुक्याईले बजावलं, "हे पान उघडंच ठेवा, बंद करायचं नाही."

सर्व्हर आणखी हळू झाला. मग काय केलं असन मी? ऑटोचा वेळ कमी केला! मिनिटाचे दहा सेकंद केले. सर्व्हरनं मानच टाकली.

अन् नेमकी त्याच दिवशी अमरावतीले सगळ्या जिल्ह्याईची बैठक! पेरणी तोंडावर आलेली. रिपोर्ट नाही, तर त्या जिल्ह्याले अनुदानाचं बियाणं नाही, असा सरळ हुकूम. आमचे कुळकर्णी साहेब तिथं रिकाम्या हातानं बसले होते.

घामाघूम होऊन मी सर्व्हरची नोंद उघडली. पाहतो तं काय, एकाच रिपोर्टाची मागणी, मुंग्यावाणी रांग! तसाच साहेबाईले फोन लावला.

"साहेब, कोणीतरी आपल्या सर्व्हरवर हल्ला करून राहिलं!"

"हल्ला? अरे, खात्री आहे का?"

"शंभर टक्के साहेब!"

साहेब तिथं मोठ्यानं म्हणले, "आमच्यावर सायबर हल्ला झालाय!" अन् खरं सांगू? आवाजात जरा ऐट होती. मागून कोणी तरी विचारलं, "आमच्या यवतमाळवर काहून नाही झाला?" मग मोठ्या साहेबाईचा आवाज आला, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत आरोपी शोधा अन् रिपोर्ट द्या. नाहीतर अकोल्याचं बियाणं बाकीच्याईले वाटून टाकतो."

बसलो शोधाले. रांगेत पाहिलं तं बाळापूर, अकोट, तेल्हारा, पातूर. अरे, हे तं सगळे आपलेच! अन् सगळ्यात जास्त मागण्या कोणाच्या? एकाच कॉम्प्युटरच्या. शोधत शोधत गेलो, तं तो माझ्याच टेबलावर! रिपोर्ट हळू काहून आहे हे पाहाले मी स्वतःच पाच-सहा खिडक्यांत ते पान उघडून ठेवलं होतं. जुना रिपोर्ट निघायच्या आतच नवा मागायचा, सर्व्हर बिचारा कोणाकोणाचं ऐकणार?

तवा डोस्क्यात उजेड पडला. लाईन आली की गावातले सगळे ऑटो एकदम उठतात, लोडानं डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर बसतो, मोटरी जळतात. अब्बाचं दुकान त्या जळालेल्या मोटरींवरच तं चालायचं! त्याच कमाईवर शिकून मी इथं आलो, अन् तेच करून बसलो. लाज वाटली हो, खरंच वाटली.

पटापट फोन फिरवले. "बाजी, ते पान बंद करा!"

"अहो, तुमीच तं म्हणले, बंद करू नका!"

"मी गाढव आहे, बाजी!"

"हे आधी सांगायचं ना भाऊ!"

पानं बंद झाली अन् शिंक यावी तसा रिपोर्ट आला. अमरावतीले धाडला. बियाणं वाचलं, पण कुळकर्णी साहेबाईचा फोन आलाच.

"सापडला का आरोपी?"

"सापडला साहेब."

"पळू देऊ नकोस त्याला!"

"नाही पळत साहेब. माझ्याच खुर्चीत बसून आहे. अन् दुसरा कोणी नाही, मीच आहे."

मग साहेब खाकरले अन् बैठकीले म्हणले, "आरोपी आमच्या ताब्यात आहे."

झालं! हल्ला सरकारदरबारी कायम राहिला. आठवड्यानं पत्र आलं की चौकशी करा. अन् चौकशी अधिकारी कोण? हापिसात कॉम्प्युटर समजणारा एकच माणूस होता ना! मी आरोपीचा जबाब घेतला. प्रश्न मीच लिहिले, उत्तरं मीच दिली, लोडशेडिंगवर, वायरवर, उन्हावर सगळं ढकललं, खाली दोन सह्या ठोकल्या अन् फाईल वर पाठवली.

दुसऱ्या दिवशी वापस आली. कुळकर्णी साहेबाईनं लाल शाईनं शेरा मारला होता, "आरोपी चौकशी अधिकाऱ्याची दिशाभूल करीत आहे."