तुळशीची घागर आणि चुनारचा दगड

काशीला जाणारे गंगेच्या पहिल्या दर्शनाबद्दल लिहितात. मी आधी पायऱ्याच पाहिल्या. बालाजी घाटावर, जवळच्या चुनार गावाहून आलेल्या दगडातले भरड आणि बारीक वाळूचे थर इतके स्पष्ट दिसत होते, की बॅग बाजूला ठेवून मी बाटलीतलं पाणी थेंब थेंब टाकू लागले. भरड थरावरचा थेंब क्षणात गडप. बोटभर खालच्या बारीक थरावरचा तसाच टपोरा. भूजल खात्यात पंधरा वर्षं काढली, तरी हे बघताना मला अजून हुरूप येतो.

अण्णाकाकांनी (वडिलांचे चुलतभाऊ, तीन पिढ्या काशीत) मला बोलावलं होतं ते कामासाठी. पाच वर्षांपासून फडताळामागची, त्याच चुनारच्या दगडाची भिंत पाझरत होती. त्यांच्या वडिलांच्या हातच्या पोथ्यांना बुरशी धरली होती, आणि शेजारच्या मिश्राजींशी अबोला.

"ही सीलन (ओल) त्यांच्या नालीचीच," कचोरीचा द्रोण माझ्यापुढे सरकवत काका म्हणाले. "तू सरकारी माणूस. लिहून दे. सोमवारी कचहरीत (कोर्टात) लावतो."

खाल्ल्या मिठाला जागायचं, तर लिहून द्यायला हवं होतं. पण न तपासता सही करणं माझ्या स्वभावात नाही. पाण्याचा माग काढायचा हिरवा रंग घेऊन मी मिश्राजींचं दार वाजवलं.

"पंडितजी भेजे हैं?" त्यांनी काकांच्या घराकडे बघत विचारलं.

"नहीं, मैं खुद आई हूँ."

"तब पहले चाय पीजिए, बिटिया."

त्यांच्या नालीत रंग ओतला. दोन दिवस भिंत ओली होती, पण हिरवी झाली नाही.

तिसऱ्या सकाळी काका गंगेवरून भरलेली घागर घेऊन आले आणि त्यांनी ती अंगणातल्या वृंदावनात रिती केली. मी विचारलं, एवढं पाणी?

"तुझी काकू तांब्याभर घालायची. ती गेल्यापासून तिच्या नावाने घागर घालतो. पाच वर्षं झाली."

मी भीतभीतच उद्याच्या घागरीत रंग घालायची परवानगी मागितली. "तुळशीवर संशय?" म्हणत त्यांनी मान फिरवली, पण घागर दिली.

ती रंगीत घागर ओतल्याच्या दुसऱ्या दिवशी फडताळ सरकवलं आणि मी ओरडलेच, "काका, सापडलं!" वृंदावनालगतची भिंत कोरडी, आणि दोन खोल्या पलीकडे, एकाच भरड थरात, हिरवी रेघ! बारीक थराने पाणी खाली जाऊ दिलं नव्हतं, आणि भरड थर ते इथवर घेऊन आला होता. मी आनंदाने समजावत सुटले, मग काकांचा चेहरा पाहिला. मला फार वाईट वाटलं.

काकांनी रेघेवर बोट ठेवलं. "म्हणजे हे तिचंच पाणी," ते म्हणाले. मग उपरणं सावरून सरळ मिश्राजींच्या दारात गेले.

"मिश्राजी, पाँच साल से गलती हमारी थी."

मिश्राजींनी दार पूर्ण उघडलं. "पहले चाय पीजिए," म्हणाले.

परतीच्या गाडीत माझी नखं हिरवी होती आणि पर्समध्ये कोर्टासाठीचा कागद कोराच होता. दगडातून पाणी कुठे निघेल, हे मी पोटापाण्यासाठी सांगत असते. माणसाबद्दल मला सांगता आलं नसतं. महिन्याने काकांचं पत्र आलं: पोथ्या वाळल्या. तुळस मिश्राजींच्या अंगणात मोकळ्या मातीत लावली आहे. रोज सकाळी घागर घेऊन जातो. घरी यायला दुपार होते.